तिसरा आरसा तेरला आहे

मुरूम, ११ डिसेंबर १९८४

व्यंकट गुरुजींना महालिंगप्पाचा नमस्कार.

कामापुरतं लिहितो. तुमच्याकडं एक काच आहे. सहा इंची, जाड, एका अंगानं खोलगट. साखर कारखान्याच्या भंगारातून आपण दोन काचा आणल्या होत्या, रस उकळायच्या पॅनच्या खिडकीच्या, त्यातली ती एक. दुसरी माझ्याकडं आहे, फुगीर. एकमेकींवर घासूनच त्या तशा झाल्या. वरची पोटात गेली, खालची पाठीनं वर आली. तुम्ही निघून गेलात तेव्हा वरची तुमच्या हातात होती. साडेअकरा वर्षं झाली.

ती आता मला हवी आहे. पुढच्या वर्षाअखेर शेंडेनक्षत्र येतंय, शहात्तर वर्षांनी एकदा येणारं. त्याची शेपटी आभाळात हातभर पसरणार म्हणतात. साध्या दुर्बिणीत तेवढं मावत नाही. मावलं तरी मधले तारे टोकदार येतात आणि कडेच्यांना पाकोळीसारखे पंख फुटतात. तुम्हीच दाखवलं होतं. म्हणून तर तुम्ही तीन आरशांची आखणी केली. बारा इंची मोठा आरसा उजेड गोळा करून समोरच्या फुगीर आरशावर टाकणार, फुगीर तो मागं पाठवणार, आणि मोठ्याच्या पोटात भोक पाडून बसवलेला तिसरा, खोलगट, तो सगळा उजेड मधल्या फिल्मवर आणून ठेवणार. एकाची चूक दुसरा काढतो, दोघांची तिसरा. विसरलो नाही एवढं कळावं म्हणून लिहिलं.

मोठा आरसा झालाय. जहाजाच्या खिडकीची ती काच मी दोन वर्षं घासली. आता मी सोसायटीचा संचालक आहे, वर्कशॉपात पाच माणसं आहेत, वेळ काढता येतो. फुगीर काचही झाली. पण फुगीर काच नीट झाली की नाही हे तिच्या जोडीदारणीवर ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून काच पाठवावी. एस.टी.नं पाठवली तरी चालेल. किंवा घेऊन यावं, जशी सोय असेल तसं.

आपला,
महालिंगप्पा


मुरूम, २ मार्च १९८५

व्यंकट गुरुजी, नमस्कार.

उत्तर नाही. पत्ता चुकला म्हणावं तर पत्ता पक्का आहे. तुळजापूरच्या स्टँडवर चहा पीत होतो, पाठीमागं दोन मास्तर बोलत होते. एक म्हणाला, "तेरचे ते व्यंकटराव, भूमिती शिकवताना पोरांना सुतळी आणि खिळा घेऊन मैदानात नेतात." मी वळून बघितलंसुद्धा नाही. सुतळी आणि खिळा म्हटल्यावर दुसरं कोण असणार! बदली करून तुम्ही काशीला गेला असाल असं मला वाटायचं. निघालात साठ मैलांवर.

धुळाप्पा अजून लेथवर आहे. रोज सकाळी विचारतो, "मालक, गुरुजींचं उत्तर आलं का, का तेरणेला वाहून गेलं?"

मी म्हणतो, "वाहून जायला तेरणेत पाणी हाय का?"

"मग रुतलं असंल गाळात. निघंल कवातरी."

नीलम्मा आतून म्हणते, "पत्रात नुसतं काच काच लिवलं तर कोण उत्तर दील? माणसाची खुशाली तरी इचारा की." म्हणून विचारतो. प्रकृती कशी आहे? खोकला गेला का?

तुम्हाला आठवतं का, एकोणसत्तर साली तुम्ही पहिल्यांदा वर्कशॉपात शिरलात ते? मी रस्त्यावर उभा होतो, लांब कुणाच्या तरी विहिरीवर इंजिन चालू होतं, आणि मी धुळाप्पाला म्हणालो, तासाभरात हे बंद पडणार, रिंग गेलीय. तुम्ही सायकल टेकवून विचारलंत, "कशावरून?" मी म्हणालो, "ऐकून." तुम्ही खरंच तासभर तिथं उभे राहिलात. इंजिन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी एक वही घेऊन आलात. म्हणालात, "हिशेब मी करतो, कान तुमचे." चौथी शिकलेल्या माणसाला इतकं मोठं बोलणं तोवर कुणी बोललं नव्हतं.

ती वही माझ्याकडंच आहे. लॉगची कोष्टकं वापरून केलेली सगळी गणितं. दुसरा आरसा ते तिसरा आरसा, बत्तीस इंच. फिल्म बरोब्बर मध्यावर. फिल्मची बैठक मी पितळेची केलीय, मधोमध कागदाच्या जाडीएवढा फुगवटा, तुमच्या वहीत आहे तसा. धुळाप्पा म्हणाला, एवढा फुगवटा डोळ्याला दिसत बी न्हाय. मी म्हणालो, डोळ्याला न्हाय दिसत, ताऱ्याला दिसतो.

काच पाठवावी.

महालिंगप्पा


मुरूम, १९ जून १९८५

गुरुजी, नमस्कार.

मृग कोरडाच चाललाय. पुन्हा टँकर चालू झालेत. सोसायटीच्या दारात सकाळी सहापासून घागरींची रांग लागते, आणि संचालक म्हणून मला तिथं उभं राहून भांडणं ऐकावी लागतात. त्र्याहत्तरसारखं नाही अजून. होईल असं वाटतं.

त्र्याहत्तर म्हटलं की लिहायला नको ते आठवतं. त्या दिवशी माझं तोंड सुटलं हे मी मान्य करतो. मे महिना, अंगाची लाही होत होती, चार गिऱ्हाईकं इंजिनं घेऊन बसली होती. महिना-दीड महिना घासून काच घासायच्या पुडीच्या शेवटच्या, बारीक पायरीला आलेली आणि तिच्यावर एवढा मोठा ओरखडा. माणूस बोलून जातो. ओरखडा कसा पडला हे आता उकरण्यात अर्थ नाही. तुम्हीही तेव्हा काही बोलला नाहीत. काच टॉवेलात गुंडाळलीत आणि गेलात. बोलला असतात तर भांडण झालं असतं, आणि भांडण मिटतं.

तुमची आई गेल्याचं मला अठ्ठ्याहत्तरमध्येच कळलं होतं. उमरग्याच्या बाजारात ऐकलं. भिमाबाई खडी फोडून संध्याकाळी परतताना वर्कशॉपावरनं जायच्या, आत डोकावून म्हणायच्या, "काय रं लेकरांनो, झाली का तुमची चांदणी?" आपण दोघं तिशी ओलांडलेले बाप्ये! मला मयतीला यायचं होतं. स्टँडपर्यंत आलो होतो. तिथनं परत फिरलो. गाडी गेली असं घरी सांगितलं. गाडी उभी होती.

नीलम्मा हे वाचू नये म्हणून पत्र वर्कशॉपात बसून लिहितोय.

शेंडेनक्षत्र मोठ्या दुर्बिणींना दिसू लागलंय म्हणे. आपल्याला मार्चमध्ये दिसेल, पहाटे, दक्षिणेच्या अंगाला. उत्तरेतल्या लोकांपेक्षा आपल्याकडनं बरं दिसणार. पावसानं नाही तरी आभाळानं आपल्याला काहीतरी दिलं. मोजून चार आठवडे मिळतील. मग ना तुम्ही, ना मी.

महालिंगप्पा


मुरूम, ७ ऑक्टोबर १९८५

गुरुजी,

काच पोचली.

कंडक्टरनं उमरग्याला उतरवून ठेवली, तिथनं धुळाप्पा सायकलवर घेऊन आला. दारातनंच ओरडला, "मालक, गुरुजी आलं!" मी हातातला पाना टाकून धावलो. हातात खोकं. धुळाप्पाला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "मला वाटलं तुमी हासशाल."

खोक्यात पत्र असेल म्हणून आधी कागद काढले. पोरांचे भूमितीचे पेपर चुरगाळून भरलेत तुम्ही. अकरा पेपर निघाले. एकेक सरळ करून वाचला, दोन्ही बाजूंनी. माझ्यासाठी ओळ नाही. लाल शाईतलं तुमचं अक्षर तेवढं बघितलं, अजून तसंच उभं, काठीसारखं. एका पोराच्या उत्तराखाली लिहिलंय, "उत्तर बरोबर, पायरी गाळली." पोराला लिहिलंय ते. पण लागलं.

मग टॉवेल सोडला. मी ओरखडा शोधत होतो. ओरखडा नाही. काच आरशासारखी घासून, चकचकीत करून ठेवलीय. गुरुजी, हे कधी केलंत? कशावर घासलीत? तो ओरखडा काढायचा म्हणजे जाड पुडीपासून परत सगळं आलं, तीन-चार महिन्यांचं काम, आणि एकट्यानं. मी तिच्यासमोर बत्तीस इंचांवर बारीक भोकाच्या डब्यात दिवा ठेवला आणि दाढीच्या पात्यानं उजेड कापून बघितला. पूर्ण काच एकदम करडी झाली. कुठं डोंगर नाही, दरी नाही. मग फुगीर काच तिच्यावर ठेवली. ट्यूबलाइटखाली रंगाच्या कड्या उमटल्या. गोल, कुठंही मोडलेली नाही. मोजल्या, चारच भरल्या; जितक्या कमी तितकी जोड नेमकी.

म्हणजे तुम्ही ती नुसती साफ केली नाहीत. वहीतली बत्तीस इंचांची गोलाई सांभाळलीत. ज्या माणसाला या दुर्बिणीशी घेणंदेणं नाही तो बत्तीस इंच कशाला सांभाळेल?

नीलम्मा कड्या बघायला आली होती. बघून म्हणाली, "ह्ये तर लई झ्याक जमलं. आता गुरुजींना काय निमित्तानं बलवणार?"

बाईमाणूस एका वाक्यात इंजिन खोलून ठेवतं. मला रात्रभर ते वाक्य पुरलं.

महालिंगप्पा


मुरूम, २४ नोव्हेंबर १९८५

व्यंकट गुरुजी, जयभीम.

गाळलेली पायरी लिहितो.

पहिली गोष्ट, काच मला लागत नव्हती. खोलगट काच मी तीन महिन्यांत दुसरी घासली असती, पॅनच्या काचा भंगारात अजून पडल्यात. तुम्हाला हे पहिल्या पत्रालाच कळलं असणार. काच मागत होतो कारण माणूस मागायला तोंड नव्हतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुमचा नियम होता. एक पूड संपवून बारीक पूड घ्यायची तर काच, टेबल, हात सगळं धुवायचं, आणि ते पाणी लांब नेऊन ओतायचं, ताजं घ्यायचं. जाड पुडीचा एक कण राहिला तरी संपलं. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात वर्कशॉपाला दिवसाआड दोन घागरी मिळत होत्या. जाड पुडीचं धुतलेलं घमेलंभर पाणी मी ओतून दिलं नाही. देववलं नाही. रात्रभर ठेवलं, पूड खाली बसली, वरचं पाणी निवळशंख दिसलं. तुम्ही चहाला गेला होता. मी वरवरचं पाणी तुमच्या बारीक पुडीच्या भांड्यात ओतलं. आपल्याकडं अन्न टाकलं तर बोलणी बसतात, पाणी टाकलं तर माणूस मनातून उतरतो. तसा वाढलोय मी.

तुम्ही घासायला बसलात. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला मी ऐकलं. बारीक पुडीचा आवाज रेशमासारखा सळसळतो. त्यात एक कर्रकन झालं. तुमच्याआधी मला कळलं. कण कुठनं आला तेही त्याच क्षणी कळलं. थांबा म्हणायला एक श्वास पुरला असता. मी तो श्वास गिऱ्हाइकांकडं बघण्यात घालवला. ओरखडा पडला, तुम्ही काच उचललीत, चौघेजण बघायला वाकले, आणि मी म्हणालो, "गुरुजी, हात धुऊन बसत जा की. पर तुमच्यात धुयाचं वळणच कुठं असतंय!"

ते चौघे हसले. मीही हसलो.

माझ्याकडं सगळ्यांना एकच कप आहे, वेगळा कप मी ठेवत नाही, हे मी चारचौघांत सांगत असे. सांगत असे, यातच सगळं आलं. ज्याच्या मनात दुसरा कप नसतो त्याला सांगावं लागत नाही.

काल हे पाण्याचं धुळाप्पाला सांगितलं. त्या दिवसातला तोच एक उरलाय. म्हटलं, आधी त्याच्यापुढं बोलावं, मग तुम्हाला लिहावं. लेथ बंद करायला लावून सांगितलं. धुळाप्पा हात पुसत म्हणाला, "मालक, ते आमाला तवाच ठावं हुतं. तुमी पाणी वतताना म्या बघितलंय."

"मग बोलला न्हाईस?"

"मालकाला कोण बोलंल? आनि गुरुजींनी बी बघितलं हुतं की. चहा पिऊन आलते, दारातच हुबे हुते."

मी म्हणालो, खोटं बोलतोस. त्यांनी बघितलं असतं तर घासायला बसले असते का?

"मग काय म्हणले असते? पाणी फेका म्हणले असते? त्यांची आई त्याच टँकरला फाटंपासून हुबी हुती."

गुरुजी, म्हणजे नियम तुमचा, धोका तुम्हाला माहीत, आणि तुम्ही ते पाणी चालू दिलंत, कारण फेकायला तुमच्यानंही झालं नाही. आपण दोघांनी एकच चूक केली होती. तुम्ही गप्प बसून केलीत, मी ती तुमच्या हातांवर ढकलली, आणि हातांवरून जातीवर. एवढे कान असून त्या एका वाक्याचा आवाज मला बारा वर्षांनी ऐकू आला असं म्हणणार होतो. तेही खोटं. तेव्हाच ऐकू आला होता.

माफी मागतो. माफी मागितली म्हणजे तुम्ही यायला पाहिजे असं नाही.

दुर्बीण उभी राहिलीय, सोसायटीच्या गोदामाच्या धाब्यावर. तिन्ही आरशांना चांदीचा मुलामा दिला. तिघं एका रेषेत आणायचं राहिलंय. एकानं मागं बसून बघायचं, दुसऱ्यानं फुगीर आरशाचे तीन स्क्रू केसभर फिरवायचे. धुळाप्पा फिरवायला तयार आहे. त्याला जमेल. मी अजून त्याला हात लावू दिला नाही.

तुमचा,
महालिंगप्पा


तेर, शाळेचा व्हरांडा, १० मार्च १९८६

गुरुजी,

हे पोस्टात टाकायचं नाही. तुमच्या वहीचं कोरं पान फाडून घेतलंय, माफ करा. तुम्हाला देईन की नाही तेही ठरलं नाही. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून लिहितोय.

नोव्हेंबरपासून वाट बघितली. संक्रांत झाली, शिवरात्र झाली. परवा पहाटे धाब्यावर गेलो, तर शेंडेनक्षत्र नुसत्या डोळ्यांनी दिसलं. दक्षिणेला खाली, शेपूट उभी. आपल्या शिवारावर असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. नीलम्माला उठवलं. ती हात जोडून उभी राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आता पत्र न्हाय. आता गाडी." आज पहाटेच्या गाडीनं निघालो. उमरगा, तुळजापूर, धाराशिव, तेर. या खेपेला स्टँडवरनं परत फिरलो नाही एवढंच सांगतो.

तुमचा वर्ग या खिडकीपासून तिसरा. आत आलो तेव्हा शिपाईण कस्तुराबाईंनी विचारलं, "पाल्याचं काम हाय का?" मी म्हणालो, "माझंच काम हाय." त्यांनी बाकावर बसायला सांगितलं. तुमचा आवाज इथं स्पष्ट येतो. वर्तुळ शिकवताय. आवाज जरा खाली आलाय, पण मशीन ठणठणीत आहे. स म्हणताना शिट्टी वाजते, म्हणजे पुढचा दात गेला. दोन वाक्यांमागं एकदा खोकता, कोरडा आहे, धुळीचा, छातीतला नाही. मला हायसं वाटलं. उजव्या पायावर भार देऊन उभे राहता, चपलेवरनं कळतं. मघाशी कुणीतरी चूक उत्तर दिलं आणि तुम्ही रागावला नाहीत, "परत एकदा बघ," म्हणालात. तुम्ही मलाही असंच म्हणायचात.

नुसतं असं ऐकत बसूनही दिवस भरून निघाला असं वाटतंय. आत्ता उठून गेलो तरी चालेल. पण चालणार नाही, माहीत आहे मला.

चिठ्ठीवर फक्त नाव आणि गाव लिहिलं. कस्तुराबाई चिठ्ठी घेऊन आत गेल्यात.

खडू थांबला.

पोरं कुजबुजतायत. तुम्ही त्यांना गप्प म्हणत नाही. मी इंजिनं ऐकलीत, काचा ऐकल्यात, पण हे कशाचं लक्षण ते मला सांगता येत नाही. खुर्ची सरकली. तुम्ही बसलात की उठलात? पाऊल वाजत नाही. पाचची गाडी आहे, ती मिळेल असा हिशेब मी उगाच करतोय.

कस्तुराबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "गुरुजी म्हणले, तास संपूस्तोवर थांबा म्हणावं."

मी विचारलं, "आणि?"

"आणि काय न्हाय. तिकडं उनात कशाला बसलाव, हिकडं सरका."

सरकलो. आत खडू परत चालू झालाय. जरा दाबून लिहिताय, मघापेक्षा. तासाला अजून वीस मिनिटं आहेत म्हणे.